तीन सडांचे दूध का परत आले?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्याचा सारांश आधी देतो. तुमच्या गोठ्यात तीन संकरित गाई, एक म्हैस आणि दोन बोकड आहेत. दुसऱ्या वेताच्या गाईला कासदाह झाला, म्हणजे जंतुसंसर्गाने तिची कास सुजली; गावच्या बोलीत, कास दगडी झाली. मागच्या उजव्या सडातून गाठी येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी तीन दिवस त्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली आणि बरोबर इंजेक्शनेही दिली. त्या एका सडाची धार तुम्ही वेगळी काढून ओतून दिली; उरलेल्या तीन सडांचे दूध स्वच्छ दिसत होते, म्हणून ते नेहमीप्रमाणे कॅनमध्ये गेले. शेवटची ट्यूब सोडल्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संकलन केंद्रावर नमुना तपासला गेला, दुधात प्रतिजैविक नसेल तरच पट्टीवर उमटणारी रेघ उमटली नाही आणि ३८ लीटर दूध परत आले. सासूबाई म्हणतात, दोन दिवसांपासून घरात दही लागत नव्हते, तेव्हाच हे ओळखायला हवे होते. यजमान म्हणतात, एवढ्या दुधात ते थोडेसे औषध कुठे कळणार होते. तुमचा प्रश्न असा आहे की, ज्या सडात औषध सोडलेच नाही त्याच्या दुधात ते आले कुठून, आणि आता किती दिवस दूध घालायचे नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर तुमचा रोजचा हिशेब अवलंबून आहे. त्या गाईच्या चारही सडांचे दूध, शेवटच्या ट्यूबपासून किंवा शेवटच्या इंजेक्शनपासून, यांपैकी जे नंतर दिले गेले असेल त्यापासून मोजून किमान सात दिवस डेअरीला घालू नये आणि घरातही वापरू नये. दिलेल्या औषधांपैकी एखाद्याच्या वेष्टनावर याहून जास्त दिवस लिहिलेले असतील, तर ते जास्तीचे दिवस धरावेत. सातच का, हे पुढे येईल.

आता पहिला प्रश्न. कासेचे चार भाग एकमेकांपासून वेगळे असतात आणि एका भागातले दूध दुसऱ्यात जात नाही, ही तुमची समजूत अगदी बरोबर आहे. चुकले ते पुढच्या पायरीवर. दूध एका सडातून दुसऱ्या सडात जात नसले, तरी रक्त चारही भागांत फिरते. एक लीटर दूध तयार होण्यासाठी साधारण ४०० ते ५०० लीटर रक्त कासेतून वाहून जावे लागते. ट्यूबमधले औषध आजारी भागात पसरते तेव्हा त्यातले बरेचसे दुधाबरोबर बाहेर येते, पण काही भाग कासेच्या पातळ अस्तरातून रक्तात शोषला जातो, रक्ताबरोबर सगळ्या शरीरात फिरतो आणि फिरता फिरता उरलेल्या तीन भागांतल्या दुधातही उतरतो. आजारी कासेत सूज असते, तिथल्या पेशींची वीण सैल झालेली असते, त्यामुळे ही ये-जा निरोगी कासेपेक्षा सोपी होते. इंजेक्शनाच्या बाबतीत तर शंकाच नको, कारण ते आधी रक्तातच जाते आणि मग कासेत येते. त्याला कुठला सड आजारी आहे हे ठाऊक नसते.

रक्तातून दुधात किती औषध उतरेल, हे त्या औषधाच्या स्वभावावर ठरते. रक्ताचा सामू साधारण ७.४ असतो, तर निरोगी दुधाचा ६.५ ते ६.८, म्हणजे दूध रक्तापेक्षा थोडे आंबटाकडे झुकलेले असते. एरिथ्रोमायसिन किंवा ट्रायमेथोप्रिम यांसारखी सौम्य अल्कधर्मी औषधे रक्तातून दुधात आली की तिथल्या आम्लतेमुळे त्यांच्यावर विद्युतभार चढतो आणि त्यांना परत रक्तात जाता येत नाही. त्यामुळे ती दुधात रक्तापेक्षाही जास्त साठू शकतात. पेनिसिलिन याच्या उलट सौम्य आम्लधर्मी असल्याने दुधात त्यामानाने कमी उतरते. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे, आणि पेनिसिलिनच्या बाबतीत चालणारी मर्यादाच इतकी लहान आहे की कमी उतरलेलेही पुरेसे ठरते.

औषध शरीराबाहेर जाते कसे, हेही थोडे समजून घ्या, म्हणजे दिवसांच्या आकड्यामागचे कारण कळेल. शरीराच्या दृष्टीने औषध हा परका पदार्थ असतो. यकृतातली विकरे त्याची मोडतोड करतात किंवा त्याला एखादा रेणू जोडून ते पाण्यात विरघळेल असे करतात, आणि मग मूत्रपिंडे ते गाळून लघवीवाटे टाकतात किंवा ते पित्ताबरोबर आतड्यात आणि तिथून शेणात जाते. याला आपण चयापचय आणि उत्सर्जन म्हणतो. मात्र सगळी औषधे या साच्यात बसत नाहीत. पेनिसिलिनचा यकृताशी फारसा संबंधच येत नाही. बहुतांश औषध जसेच्या तसे मूत्रपिंडांतून बाहेर पडते, तेही इतक्या झपाट्याने की रक्तात मिसळलेले साधे पेनिसिलिन तासाभरात निम्म्याहून कमी होते. मग ते चार-चार दिवस दुधात का सापडते? कारण इंजेक्शनात ते प्रोकेन नावाच्या दुसऱ्या रसायनाशी बांधलेले असते. ते दाट, पांढरे औषध मांसात टोचले की तिथे त्याचा साठा राहतो आणि त्यातून ते हळूहळू रक्तात झिरपत राहते. जनावराला दिवसातून चार वेळा टोचावे लागू नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि दूध जास्त दिवस बाजूला ठेवावे लागते ते तिच्याचमुळे.

तुमच्या पत्रात एका बाटलीवरचे एन्रोफ्लॉक्सासिन हे नाव तुम्ही वाचून कळवले आहे. त्याची गोष्ट निराळी आहे. गाईच्या यकृतात त्यातला एक लहानसा भाग निघून जातो आणि त्याचे सिप्रोफ्लॉक्सासिन होते. हे तेच औषध, जे माणसांना पोटाच्या आणि लघवीच्या संसर्गासाठी दिले जाते. म्हणजे इथे चयापचयाने औषध निकामी झाले नाही; एका प्रतिजैविकाचे दुसरे तितकेच कामाचे प्रतिजैविक झाले, आणि दुधात तर हे दुसरेच अधिक सापडते. म्हणूनच प्रयोगशाळेत एन्रोफ्लॉक्सासिन तपासताना दोन्हींची बेरीज धरतात. आणि एक लक्षात घ्या. तुमच्या केंद्रावरची पट्टी बीटा-लॅक्टम गटाची, म्हणजे पेनिसिलिन आणि त्याच्या भावंडांची होती. तिने पकडले ते ट्यूबमधले औषध. एन्रोफ्लॉक्सासिन त्या पट्टीला दिसतच नाही. तेव्हा पुढच्या वेळी पट्टीवर रेघ स्वच्छ उमटली, तरी ते औषध दुधात नाही असा तिचा अर्थ होत नाही.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे येऊ. त्यांचा मुद्दा गणिताचा आहे, म्हणून उत्तरही गणितानेच देतो. शरीरातले औषध साधारणपणे ठरावीक वेळाने निम्मे होत जाते. समजा, शेवटच्या ट्यूबनंतर गाईच्या दुधात लीटरमागे ४०९६ मायक्रोग्रॅम पेनिसिलिन आहे आणि ते दर बारा तासांनी, म्हणजे दर धारेला, निम्मे होते. हा आकडा मी केवळ भागाकार सोपा जावा म्हणून घेतला आहे. सहाव्या धारेला ते ६४ वर येईल आणि दहाव्या धारेला, म्हणजे पाच दिवसांनी, ४ वर. अन्नपदार्थांसाठी आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने बेंझाइल पेनिसिलिनची दुधातली कमाल मर्यादा लीटरला ४ मायक्रोग्रॅम एवढी ठरवली आहे. तुमचे दूध परत आले ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे सहाव्या धारेला. त्या गाईच्या तीन सडांचे नऊ लीटर दूध ३८ लीटरमध्ये मिसळले असे धरले, तर ६४ चे १५ होतात. मर्यादेच्या जवळजवळ चौपट. पट्टीने तेच दाखवले.

यावर यजमान म्हणतील की केंद्राच्या हजार लीटरच्या कूलरमध्ये गेले असते तर ते मर्यादेखाली आलेच असते. या एका कॅनपुरते ते खरेही आहे. पण हजार लीटर दूध मर्यादा ओलांडायला एकूण चार मिलिग्रॅम पेनिसिलिन पुरते, म्हणजे साखरेच्या मोजक्या दाण्यांएवढे वजन. ट्यूब सोडल्यानंतर पहिल्या-दुसऱ्या धारेचे एखादे लीटर दूध चुकून मिसळले तरी तेवढे सहज होते. आणि असा हिशेब आपण एकटेच करतो आहोत असे प्रत्येक घराला वाटते. एक ग्रॅम पेनिसिलिनने अडीच लाख लीटर दूध मर्यादेपर्यंत पोचते, हे एकदा कागदावर मांडून पाहिले की दुधात दूध मिसळून औषध लपवण्याचा भरवसा आपोआप उडतो.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला डोसच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. औषध दुप्पट दिले, तर ४०९६ चे ८१९२ होतील आणि ते उतरायला फक्त एक धार जास्त लागेल. पण गाय आजारी असल्यामुळे तिची मूत्रपिंडे मंदावली आणि औषध बाराऐवजी चोवीस तासांनी निम्मे होऊ लागले, तर पाच दिवसांचे थेट दहा दिवस होतात. अंगात पाणी कमी पडलेली, ताप असलेली, चारा सोडलेली गाय औषध नेहमीच्या वेगाने बाहेर टाकत नाही. यकृतात कृमी असलेले जनावर यकृतावर अवलंबून असलेली औषधे सावकाश मोडते. दूध एकदम घटलेली गाय दुधावाटेही कमी औषध टाकते आणि जे टाकते ते थोड्या दुधात अधिक दाट उतरते. शेजारच्या गाईचे दूध चौथ्या दिवशी पास झाले, म्हणून आपलेही व्हायला हवे, असे म्हणण्यात अर्थ नाही तो यामुळे. तुम्ही विचारले आहे की गूळपाणी भरपूर पाजल्यास औषध लवकर निघून जाईल का. पाणी जरूर पाजा, आजारी गाईला त्याची गरज असते आणि मूत्रपिंडांचे काम त्याने नीट चालते. पण म्हणून सातातला एकही दिवस वजा करू नका.

उकळण्याबद्दल थोडक्यात. डेअरीतल्या पाश्चरायझेशनने, म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद तापवण्याने, प्रतिजैविकांचे जवळजवळ काहीच बिघडत नाही. घरी चुलीवर दोन उकळ्या आणल्या तर काही औषधे थोडीफार घटतात, पण सल्फा गटातली औषधे आणि एन्रोफ्लॉक्सासिन त्या तापाला दाद देत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात. औषध हा जंतू नाही.

सासूबाईंचे निरीक्षण मात्र मला फार आवडले आणि ते तुम्ही पत्रात लिहिलेत याचा आनंद वाटला. विरजणातले जिवाणू पेनिसिलिनला अतिशय नाजूक असतात. दुधात ते असले की विरजण घातलेले भांडे सकाळी उघडावे तर दूध तसेच, फार तर तळाशी थोडे दाट, आणि वास ना दह्याचा ना नासलेल्या दुधाचा. थंडीने किंवा जुन्या विरजणानेही दही लागत नाही, म्हणून एकाच विरजणाचा एक चमचा संशयाच्या गाईच्या दुधाला आणि एक चमचा म्हशीच्या दुधाला लावून, दोन्ही भांडी एकाच जागी ठेवून पाहावे. म्हशीचे लागले आणि गाईचे नाही, तर कारण शोधायला दूर जायला नको. प्रयोगशाळेत वापरली जाणारी एक चाचणी याच तत्त्वावर चालते. त्या नळीत उष्णता सोसणारा एक जिवाणू आणि जांभळा रंग असतो. दुधाचे काही थेंब टाकून ती ६४ अंशांवर सुमारे तीन तास ठेवतात. जिवाणू वाढला तर आम्ल तयार होऊन जांभळ्याचे पिवळे होते, आणि औषधाने त्याला दाबले तर जांभळा जांभळाच राहतो. पण सासूबाईंच्या चाचणीला एक मर्यादा आहे. काही विरजणे लीटरला चार मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पेनिसिलिन असूनही लागतात. दही लागले नाही तर संशय घ्यावा. लागले म्हणून दूध घालू नये.

आता ते सात दिवस आले कुठून, ते सांगतो. औषध आणि सौंदर्यप्रसाधने नियमावलीत जानेवारी २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ज्यांचे दूध, मांस किंवा अंडी आपण खातो अशा जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर, औषध दिल्यानंतर किती काळ ते दूध वा मांस वापरू नये, तो काळ छापावा लागतो. त्याला विथड्रॉवल पिरियड म्हणतात. एखाद्या औषधाचा असा काळ प्रयोगाने ठरवलेला नसेल, तर तो दूध आणि अंड्यांसाठी सात दिवसांपेक्षा आणि मांसासाठी २८ दिवसांपेक्षा कमी धरता येत नाही. म्हणजे सात हा आकडा, काहीच माहीत नसेल तेव्हा पाय ठेवायची खालची पायरी आहे. जिथे प्रयोग झालेला असतो, तिथे अनेक निरोगी जनावरांना छापील डोस देऊन, प्रत्येकाचे दूध पुन्हा पुन्हा तपासून असे दिवस काढतात की, जवळजवळ सगळ्या जनावरांचे दूध तोवर मर्यादेखाली आलेले असावे. त्या हिशेबात दोन गृहीतके दडलेली असतात. डोस छापलेला तेवढाच दिला, आणि तो छापलेल्या मार्गानेच दिला. ट्यूबबरोबर इंजेक्शन, वर दोन दिवस जास्तीचे, असे झाले की वेष्टनावरच्या तासांना आधार उरत नाही. तुमच्या गाईच्या बाबतीत मी ट्यूबच्या खोक्यावरचा आकडा पाहण्याआधीच सात दिवस म्हणालो, ते म्हणूनच.

इथे एक कबुली द्यायला हवी. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी शेकडो गाईंना टोचले असेल, पण गोठ्यातून निघताना दूध किती दिवस बाजूला ठेवायचे हे क्वचितच सांगितले. तेव्हा कोणी विचारत नव्हते आणि मलाही ते माझे काम वाटत नव्हते. एका शेतकऱ्याचे पनीर फसले आणि त्याने मलाच शांतपणे विचारले की, डॉक्टर, औषधाची किंमत सांगितलीत, दुधाची का नाही सांगितली? त्या दिवसापासून चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली 'दूध बंद' आणि पुढे तारीख लिहू लागलो. तुमच्या डॉक्टरांनी ते सांगितले नाही अशी तक्रार तुम्ही केली आहे. ती रास्त आहे, पण पुढच्या वेळी ट्यूब सोडण्याआधी तुम्ही स्वतः विचारा आणि तारीख चिठ्ठीवर लिहूनच घ्या.

तुमच्या घरात सकाळची धार यजमान काढतात आणि संध्याकाळची दीर, असे तुम्ही लिहिले आहे. अशा घरात चूक बहुधा माहिती न पोचल्याने होते. औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल फडके बांधा. गोठ्याच्या दारामागे खिळ्याला एक वही अडकवा. तिच्यात गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर, औषधाचे नाव, शेवटचा डोस कोणत्या तारखेला आणि कोणत्या वेळी दिला, आणि दूध कधीपासून घालायचे, एवढेच असावे. बाटली आणि खोके ती तारीख उलटेपर्यंत फेकू नका. त्या गाईची धार सगळ्यांत शेवटी आणि वेगळ्या बादलीत काढा. धारेचे यंत्र असेल तर नळ्या धुतल्याखेरीज दुसऱ्या गाईला लावू नका. आठव्या दिवशी केंद्रावर जाताना त्या एकट्या गाईचे दूध छोट्या बाटलीत न्या आणि कॅनमध्ये ओतण्याआधी तेवढेच तपासून मागा. कॅनचा नमुना पास झाला यावरून गाईचे काही कळत नाही. एक सूचना आणखी. आटवताना भाकड काळासाठी ज्या ट्यूब सोडतात त्या कित्येक आठवडे टिकाव्यात म्हणून बनवलेल्या असतात. दुकानदाराने बदली म्हणून तसली ट्यूब दिली, तर ती दुभत्या गाईला कधीही सोडू नका.

ओतून द्यायचे दूध कालवडीला पाजू का, असे तुम्ही विचारले आहे. जीव तुटतो हे कळते, एवढे दूध रोज मातीत जाताना कोणाचाही तुटेल. तरी पाजू नका. त्या दुधातले औषध कालवडीच्या आतड्यातल्या जंतूंना मारण्याइतके नसते, पण त्यांतल्या कणखर जंतूंना निवडून वाढवण्याइतके असते. उद्या तिला हगवण लागली की तेच औषध तिच्यावर चालत नाही. गोबरगॅसच्या टाकीतही ते दूध ओतू नका, कारण तिथला गॅस जिवाणूच तयार करतात. विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर खड्डा घेऊन त्यात ओतून माती ओढा.

पुढच्या वेळी औषधाशिवाय निभावेल का, हाही तुमचा प्रश्न आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कासदाहासाठी एक घरगुती लेप सुचवते: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून, थोडा थोडा पाण्यात पातळ करून, धुतलेल्या कासेला दिवसातून अनेक वेळा लावायचा. दुधात नुकत्या बारीक गाठी दिसू लागल्या असतील, गाय खात-पीत असेल, तर तो जरूर करून पाहावा. त्याने दूध परत येण्याची भीती नाही. मात्र अंगात ताप, कास दगडासारखी, गाय उठेना, अशा वेळी लेपावर दिवस घालवलेत तर सड जाईल, कदाचित गायही. तिथे प्रतिजैविकच हवे आणि सात दिवसांचे दूध ही त्या उपचाराचीच किंमत धरावी.

एक शेजारी तुम्हाला म्हणाले की सगळेच दूध औषधाने भरलेले असते, तुमचे तेवढे सापडले. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले होते. त्यांत मर्यादेपेक्षा जास्त प्रतिजैविक असलेले ७७ निघाले. शेकडा एकाच्या थोडेसे वर. ७७ हा आकडा काळजी करण्यासारखा आहे, पण शेजाऱ्यांचे 'सगळेच' त्यात बसत नाही.

तुम्ही ताजा कलम म्हणून दोन गोष्टी लिहिल्या आहेत, त्यांतली पहिली मला वाचता वाचता थांबवून गेली. वेदनाशामक म्हणून डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिले, पण ते संपल्यावर घरात माणसांसाठी आणलेले डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन पडून आहे, ते गाईला टोचावे का, असे तुम्ही विचारता. नाही. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक आपल्या देशात २००६ पासून बंद आहे. ते टोचलेली गाय दोन-चार दिवसांत दगावली आणि गिधाडांनी तिचे मांस खाल्ले, तर तेवढ्या अंशानेही त्यांची मूत्रपिंडे बंद पडतात आणि आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर चढून ती मरतात. आपल्याकडची गिधाडे का संपत चालली, याचे कारण २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून प्रथम पुढे आले, ते हेच. लोकांनी माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरायला सुरुवात केली, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलीटरच्या एकेका मात्रेपुरते मर्यादित करावे लागले. बाजारात पर्याय म्हणून आलेल्या असेक्लोफिनॅकची तर आणखी चमत्कारिक गोष्ट आहे: गाईच्या शरीरात चयापचय होऊन त्याचे डायक्लोफिनॅकच बनते. खोक्यावरचे नाव वेगळे, पण गाईच्या यकृताने ते पुन्हा जुनेच करून टाकलेले. जनावरांसाठी त्यावर बंदी यायला २०२३ उजाडले. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरले आहे, तेव्हा गरज पडल्यास डॉक्टरांकडून तेच घ्या, आणि त्याचेही दुधाचे दिवस असतात, ते त्याच वहीत लिहा.

दुसरी गोष्ट बोकडांची. गेल्या रविवारी दोघांना आयव्हरमेक्टिनचे जंताचे इंजेक्शन दिले आणि पंधरा दिवसांनी बाजारात न्यायचे आहे, असे तुम्ही म्हणता. आयव्हरमेक्टिन चरबीत विरघळणारे औषध आहे. ते चरबीत आणि यकृतात साठते, टोचलेल्या जागीही बरेच दिवस राहते, आणि तिथून सावकाश सुटते. बाटलीवर मांसासाठीचे दिवस छापलेले असतील तर त्याप्रमाणे, आणि नसतील तर रविवारपासून २८ दिवस बोकड विकू नका. पंधरवड्याचा बाजार सोडून हे दिवस उलटल्यानंतरचा धरा, आणि गिऱ्हाईकाने विचारले तर इंजेक्शन कोणत्या तारखेला दिले होते ते वहीतून दाखवा.